कोकणातल्या पावसात बिनखणणीची परसबाग

कुदळ न लावता भाजी पिकते हे आता पुष्कळांना पटलं आहे. पण या पद्धतीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक कमी पावसाच्या मुलखातलं असतं. जमीन झाका, वर सहा इंच गवत पसरा, ओल धरून ठेवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथे ओल धरून ठेवायची गरजच नसते, पाण्याला वाट करून द्यावी लागते. हा एक फरक लक्षात न घेतल्यामुळे पहिल्याच वर्षी वेली कुजतात, गोगलगाई माजतात आणि माणूस पुन्हा कुदळ हातात घेतो. खालची सगळी माहिती कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यासाठी आहे. घाटमाथ्यावर तीच चालते, फक्त ऊन आणखी कमी असल्यामुळे पीक आठ-पंधरा दिवस उशिरा येतं.

खणायचं का नाही, हे थोडक्यात. जांभ्याची तांबडी माती खणून मोकळी केली की मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत तिचा बारीक भाग वाहून जातो आणि मागे खडे उरतात. उरलेल्या मातीवर थेंबांच्या माराने पापुद्रा धरतो. न खणलेल्या जमिनीत गांडुळांची बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या नळ्या शाबूत असतात, पाणी त्यातून खाली उतरतं. शिवाय खोल पुरलेलं तणाचं बी वर येत नाही. नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) भातशेती याच तत्त्वावर चालते. गादीवाफा एकदाच करायचा, मग नांगर नाही, आणि कापणीनंतर मुळं जागच्या जागी ठेवायची.

जागा

पावसाळ्यात ऊन हीच सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. आंबा-फणसाच्या सावलीत वाफा करू नका. सावलीपेक्षा पानांवरून ठिबकणारे मोठे थेंब जास्त त्रास देतात, रोपांच्या शेंड्यांवर माती उडते आणि रोग तिथूनच सुरू होतो. घराच्या पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेपासून वाफा किमान चार फूट दूर हवा. पन्हळ लावलेली असली तरी हे अंतर ठेवा, कारण मोठ्या पावसात पन्हळही भरून वाहते.

मे महिन्यात एक चाचणी करून घ्या. एक फूट खोल छोटा खड्डा घेऊन पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनीही तसंच दिसलं तर खाली कातळ किंवा चोपण थर आहे. अशा जागी वाफा एक फूट उंच हवा. पाणी तासा-दोन तासांत उतरलं तर आठ इंच पुरतात. उतारावर वाफा उताराला आडवा घ्या, पण दर दहा फुटांना एक-दीड इंचाचा ढाळ ठेवा, म्हणजे चरातलं पाणी तुंबणार नाही आणि धावणारही नाही.

आगोटीच्या (पावसाच्या सुरुवातीच्या) आधी वाफा

पहिल्या वर्षी १० फूट लांब आणि ३ फूट रुंद असा एकच वाफा करा. तीन फूट यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. ही जमीन परत कधी खणायची नाही, त्यामुळे एकदा पाय पडून दाबली गेलेली जागा वर्षभर दाबलेलीच राहते. ओल्या वाफ्यावर पाय ठेवायचा नाही, मुलांनाही ठेवू द्यायचा नाही. वाफ्याभोवती दीड फूट रुंद आणि सहा इंच खोल चर हवा. खणणं असलं तर एवढंच, आणि तेही वाफ्याबाहेर. चरातली माती वाफ्याच्या कडेला टाका.

कडेला जांभ्याचे चिरे कोरडेच लावा. सिमेंट भरलं तर पाणी आत अडकतं. चिऱ्यांमध्ये बोटभर फटी राहिल्या तर उत्तम. चिरे नसतील तर पोफळीची खोडं किंवा बांबू चालतील. माडाचे जुने ओंडके मात्र नकोत. ते कुजायला लागले की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो आणि तुमच्या वाफ्याची किंमत शेजारच्या माडांना मोजावी लागते.

आता थर. गवत आणि झुडपं कोयत्याने जमिनीलगत कापा, उपटू नका. कापलेलं तिथेच पसरा. त्यावर जाड तपकिरी पुठ्ठा अंथरा. चिकटपट्ट्या, पिना आणि गुळगुळीत छापील कागद काढून टाका. दोन तुकडे एकमेकांवर सहा इंच चढले पाहिजेत, नाहीतर हरळी बरोबर त्या फटीतून वर येते. पुठ्ठा बादलीने पाणी ओतून चिंब करा. कोरड्या पुठ्ठ्याला मे महिन्यात वाळवी लागते, त्यामुळे वरचे थर त्याच दिवशी घाला.

पुठ्ठ्यावर दोन इंच पालापाचोळा. इथे एक गोष्ट सांभाळायला हवी. आंब्या-काजूची पानं चिवट असतात. अख्खी पसरली तर कौलांसारखी एकावर एक बसतात, पाणी त्यावरून घसरतं आणि खाली सगळं कोंदट होतं. गोणीत भरून काठीने बडवा, चुरा झाला की वापरा. कुंपणाला उंदीरमारी (गिरिपुष्प) असेल तर तिचा कोवळा पाला एक इंच मिसळा. तो पंधरवड्यात कुजतो आणि नत्र देतो. फांद्या मात्र वेचून काढा, पावसात त्या रुजतात.

सगळ्यात वर पाच इंच पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. ३० चौरस फुटांसाठी ते साडेबारा घनफूट होतं, म्हणजे अर्ध्या घनफुटाची पंचवीस घमेली. हा आकडा पाहून बरेच जण हात आखडता घेतात आणि दोन इंचांवर भागवतात. तसं करण्यापेक्षा वाफा पाच फूट लांबीचाच करा. पातळ थरातून तण वर येतं आणि मुळांना पुठ्ठा कुजेपर्यंत जागा मिळत नाही. दुसऱ्या वर्षापासून इंच-दीड इंच पुरतं, म्हणजे पाच ते सात घमेली.

खत कुजलं आहे का ते मुठीत घेऊन बघा. शेणाचा वास येत असेल, हात चिकट होत असेल किंवा आत ऊब लागत असेल तर ते कच्चं आहे. एका डब्यात ते खत भरून चवळीचे दहा दाणे पेरा. पाच-सहा दिवसांत आठ तरी सरळ उगवले पाहिजेत. वापरण्याआधी ढीग चाळून घ्या. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या सापडल्या तर ती हुमणी असते. अंगठ्याएवढी जाड असेल तर गेंड्या भुंग्याची अळी. दोन्ही वेचून कोंबड्यांना घाला. खतातली हुमणी वाफ्यात गेली तर जुलैमध्ये हिरवीगार रोपं एकाएकी माना टाकतात आणि उपटून पाहिलं तर खाली मुळंच नसतात.

मृगात काय लावायचं

नव्या माणसाने पहिल्या पावसाळ्यात टोमॅटो, कोबी, फ्लॉवर आणि कोथिंबिरीच्या मागे लागू नये. उघड्यावर त्यांचा निभाव लागत नाही. काकडी किंवा तवसं, पडवळ, दोडका, कारली, भेंडी, चवळी आणि अळू ही पावसाची भाजी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कारल्याची कोकण तारा, दोडक्याची कोकण हरिता आणि पडवळाची कोकण श्वेता ही वाणं याच हवेसाठी निवडलेली आहेत, मिळाली तर तीच घ्या. भेंडीत परभणी क्रांती हळद्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देते. सुरण आणि हळदीला खोल मोकळी माती लागते, ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

दहा फुटी वाफ्यात उत्तरेच्या कडेला तीन वेली पुरे, दोघींमध्ये तीन फूट अंतर. दक्षिणेच्या कडेला सव्वा फुटावर भेंडीची सात-आठ झाडं. अळू वाफ्यात नको, चर जिथे संपतो तिथे लावा, त्याला तुंबलेलं पाणी चालतं. मांडव आधी, बी नंतर. खांब वाफ्याच्या बाहेर दीड फूट खोल गाडा. उंची सहा फूट ठेवा, नाहीतर पडवळ जमिनीला टेकून वाकडं होतं आणि टोकाकडून कुजतं.

वेलींचं बी मेच्या शेवटच्या आठवड्यात द्रोणात किंवा कागदी पेल्यात, छपराच्या कडेला उजेडात रुजवा. पेल्याच्या बुडाला तीन भोकं पाडा. कारल्याचं बी रात्रभर भिजवून घ्या. दोन खरी पानं आली की रोप वाफ्यात जातं. भेंडी आणि चवळी थेट टोचा, इंचभर खोल, एका जागी दोन दाणे. पेरणीनंतर लगेच मोठी सर येणार असेल तर माडाचं झाप कमानीसारखं आडवं धरा. आठवड्याने ते काढा. झापाखाली आठवड्यापेक्षा जास्त राहिलेली रोपं पांढुरकी आणि लांबुडकी होतात आणि मग बुंध्याशी कोलमडतात.

आर्द्रा आणि तरणा पाऊस

जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात कसोटीचा. या दिवसांत बागेत करायचं थोडं आणि बघायचं जास्त.

पहिलं म्हणजे आच्छादन. कोरड्या मुलखातला जाड गवताचा थर इथे या काळात घालायचा नाही. वरचं पाच इंच खत हेच आच्छादन. थेंबांनी माती उडू नये म्हणून चुरलेल्या पाल्याचा इंचभर थर पुष्कळ झाला, आणि तोही बुंध्यापासून चार बोटं दूर. बुंध्याला चिकटलेला ओला पाला बाजूला सारला की साल तपकिरी आणि मऊ लागते, कधी वर पांढरी बुरशी दिसते. वेल कुजायला सुरुवात होते ती तिथूनच. ताज्या कापलेल्या गवताचा जाड थर तर कधीच नको, त्याचा दोन दिवसांत बुळबुळीत लगदा होतो.

दुसरं म्हणजे पाणी. मोठा पाऊस चालू असताना छत्री घेऊन चर बघून या. पाऊस थांबल्यावर सगळं सारखंच ओलं दिसतं, तुंबलेली जागा पडत्या पावसातच कळते. चरात पाला अडकला असेल तर काढा. ओल भरपूर असूनही पानं दुपारी मलूल दिसत असतील तर मुळं गुदमरताहेत. अशा वेळी खत घालू नका. चर तीन-चार इंच खोल करा, पाला पूर्ण बाजूला घ्या आणि झाडापासून फूटभर अंतरावर पहार आठ इंच खोल उभी खुपसून किंचित हलवून काढा. माती उलटायची नाही, फक्त हवेला भोक द्यायचं.

तिसरं, गोगलगाई. बिनखणणीच्या बागेतली ही खरी डोकेदुखी, आणि ती मान्य केलेली बरी. खणल्याने त्यांची अंडी उघडी पडतात, इथे ती सुरक्षित राहतात. अंडी ओळखायला शिका. चिऱ्याखाली किंवा खताच्या इंचभर आत साबुदाण्यासारखे पिवळसर पांढरे दाणे पुंजक्याने असतात. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईचा एक पुंजका शे-दोनशे अंड्यांचा असतो. दिसला की चिरडा. मोठ्या गोगलगाई रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन वेचा. हातमोजे घालाच. त्यांच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. याच कारणासाठी पावसाळ्यातली पालेभाजी कच्ची खाऊ नये आणि काकडी चोळून धुवावी.

वेचलेल्या गोगलगाई अर्धी बादली पाण्यात अर्धा किलो जाडं मीठ विरघळवून त्यात टाका. मेल्यावर बागेबाहेर पुरा आणि ते खारं पाणी मातीत ओतू नका. दोन लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम गूळ कालवून गोणपाट भिजवा आणि संध्याकाळी चराच्या कडेला टाका, सकाळी खाली जमलेल्या गोळा करता येतात. सलग पंधरा दिवस हे केलं तर फरक दिसतो, मधूनच केलं तर दिसत नाही. चुन्याची रेघ या पावसात तासभरही टिकत नाही. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या मिळतात, पण त्या कुत्र्या-मांजरांना मारक असतात. घरात जनावर असेल तर त्या आणूच नका.

तण म्हणाल तर पहिल्या वर्षी थोडंच येतं. टाकळा आणि कुर्डू कोवळे असतानाच खुडून भाजी करा, बी धरू देऊ नका. लव्हाळा पुठ्ठ्याला जुमानत नाही, सुईसारखा भोसकून वर येतो. दर आठवड्याला, न चुकता, माती मऊ असताना बुडापासून हळू ओढा. खणायला गेलात तर गाठींची माळ तुटते आणि एकाचे दहा होतात. दोन पावसाळे चिकाटी ठेवली की तो हटतो.

म्हातारा पाऊस, आश्लेषा (जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य): पोट भरण्याची वेळ

महिनाभराच्या पावसाने नत्र आणि पालाश धुपून जातं. खालची जुनी पानं आधी सारखी पिवळी पडत असतील तर झाड उपाशी आहे. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर दोष बहुधा मुळांकडचा, पाणी बघा. उपाशी झाडाला एकदम खूप देऊन उपयोग नाही, ते पुढच्या सरीबरोबर जातं. उघडीप मिळाली की वेलीला दोन आणि भेंडीला एक मूठ गांडूळखत, बुंध्यापासून वीतभर दूर, आणि दर तीन आठवड्यांनी पुन्हा. चुलीची राख कोरडी साठवलेली असेल तर वेलीला अर्धी मूठ विरळ भुरभुरवा. आपली माती आम्ल असते, तिला राख मानवते. शेणात किंवा गोमूत्रात राख कालवू नका, नत्र वायू होऊन उडून जातं. पेंड वाफ्यावर उघडी टाकली तर घूस येते.

वेलींच्या पानांवर शिरांच्या मधोमध कोनाकोनाचे पिवळे डाग आणि पानामागे करडी बुरशी दिसली तर तो केवडा. गुडघ्यापर्यंतची सगळी पानं काढून टाका, वारा खेळू द्या. काढलेली पानं वाफ्यावर टाकू नका. पोफळींवर मारण्यासाठी केलेलं १ टक्का बोर्डो मिश्रण वेलींवर तसंच फवारू नका, कोवळी पानं करपतात.

वांगी-मिरची लावली असेल आणि हिरवं झाड पिवळं न पडता एका दिवसात मरगळलं, तर बुंध्याचा दोन इंचांचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर ती जिवाणूजन्य मर. औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळा. मुळं जमिनीत ठेवायची या नियमाला हा एकच अपवाद. त्या वाफ्यात तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो नको.

मघा नक्षत्रापासून (ऑगस्टच्या मध्यापासून) पुढे: फूल आहे, फळ नाही

वेल मांडवभर पसरली, फुलं लागली, पण बोटभर फळं पिवळी होऊन गळतात. ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पावसात मधमाश्या फिरत नाहीत आणि मादी फूल तसंच राहतं. परागीकरण हाताने करा, पण वेळ महत्त्वाची. काकडी, कारली आणि भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, ती नऊच्या आत. दोडका, दुधी आणि पडवळाची फुलं संध्याकाळी उमलतात, ती दिवेलागणीला. सकाळी दोडक्याच्या मांडवाखाली जाऊन काही साधत नाही. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे मोडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवा. मादी फुलाच्या मागे छोटंसं फळ आधीच असतं, त्यावरून ते ओळखता येतं. पराग ओला झाला की निकामी होतो, म्हणून उद्या उमलणाऱ्या नर कळ्यांवर आदल्या दिवशी छोटी कागदी पिशवी अडकवून ठेवा.

फळ धरून मग वाकडं होत असेल आणि टोचल्याच्या खुणेतून डिंक येत असेल तर फळमाशी. आंब्यासाठी घरात मिथिल युजेनॉलचा (वासाने नर माश्यांना ओढणारा) सापळा असतो, तो इथे टांगून उपयोग नाही. वेलींवरची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूरची गोळी लागते. परसबागेला एक सापळा पुरतो, मांडवाच्या उंचीवर टांगा. किडकी फळं खतात टाकू नका. झाकणाच्या बादलीत पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवा, मग विल्हेवाट लावा.

भेंडी एक दिवसाआड तोडा. चार दिवस गेले की ती जून होते आणि झाड नवी फुलं कमी काढतं.

उत्तरा-हस्त: वाफा बदलताना

सप्टेंबरच्या मध्यावर सरींमध्ये अंतर पडू लागतं. ऑक्टोबरचं ऊन अचानक चढतं आणि चार महिने पाण्याखाली असलेला वाफा आठ दिवसांत तडकतो. आता आच्छादन तीन इंचांवर न्या, गवतही चालेल. जूनमधली आणि आताची गरज नेमकी उलट आहे.

संपलेल्या वेली आणि भेंडी जमिनीलगत धारदार कोयतीने कापा. मुळं आत राहू द्या, ती कुजून पुढच्या पावसाला पाण्याच्या वाटा होतील. रोगट पाला बाहेर, निरोगी पाला तुकडे करून वाफ्यावर. त्यावर इंचभर खत पसरा. खालच्या पुठ्ठ्याचं काय झालं ते बघायचं असेल तर एका कोपऱ्यात चार बोटं उकरून पाहा. पुठ्ठ्याच्या जागी काळा ओलसर चुरा आणि त्यात गांडुळं दिसली की वाफा लागला. तसाच बंद करा.

लगेच मुळा, लाल माठ आणि पालक फोकता येतात. बी फोकून वर अर्धा इंच चाळलेलं खत, आणि उगवेपर्यंत गवत बाजूला. कडवे वाल लावायचे असतील तर रात्रभर भिजवून, मोड दिसायला लागले की भेंडीच्या कापलेल्या बुंध्यांच्या मधल्या जागेत वीतभर अंतराने टोचा. हस्ताची सर आली तर पाणी द्यावं लागत नाही. न आल्यास तिसऱ्या दिवसापासून झारीने, संध्याकाळचं.